बुडत्याला आधार किती?

वस्तू पाण्यावर का तरंगते आणि का बुडते, या विषयावर मी आज बोलणार आहे म्हटल्यावर एक मित्र म्हणाला, "कविता सोडून तू पाण्यात कुठे उतरलास?" त्याला म्हटलं, पाणी आपल्या भाषेत आधीपासूनच आहे. जगण्याचा हिशेब आपण पाण्याच्याच शब्दांत मांडतो. वेळेवर पाऊस झाला की शेतकरी 'यंदा तरलो' म्हणतो. बँकेचं कर्ज बुडीत खात्यात जातं. तुकोबांची गाथा तरली, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. जहाजाला आपण तारू म्हणतो. जे तरतं आणि तारतं, ते तारू. शब्द इतके ओळखीचे. पण ज्या घडामोडीवरून ते आले, ती घडामोड आपण सहसा नीट पाहत नाही. न पाहण्याची किंमत दर पावसाळ्यात कुणीतरी जिवानं मोजतं. म्हणून हा विषय. मी विज्ञानाचा पदवीधर नाही, साधा बी.ए. आहे. तेव्हा विहीर, कढई आणि होडी यांच्या मदतीनंच बोलेन.

कुणालाही विचारा, वस्तू का बुडते? उत्तर येतं, "जड असते म्हणून." मग चार माणसांनी मिळून उचलायचा आंब्याचा वाळका ओंडका नदीत निवांत तरंगतो आणि चिमटीत मावणारा लोखंडी खिळा सरळ तळ गाठतो, तो का? घरी एक छोटा प्रयोग करून पाहा. नागपुरी संत्रं सालीसकट पाण्याच्या पातेल्यात टाका. ते तरंगेल. आता तेच संत्रं सोलून टाका. ते बुडेल. साल काढल्यावर संत्र्याचं वजन कमीच झालं ना? हलकं झालं आणि बुडालं! कारण जाडसर, भुसभुशीत सालीत हवा भरलेली असते. तिचं वजन नगण्य, पण ती जागा बरीच अडवते. साल गेली तसं वजन थोडं गेलं, जागा मात्र खूप गेली.

याच्या उलट पुरी. लाटलेली पुरी कढईत सोडली की आधी तळाशी जाते. मग तिच्यातल्या पाण्याची वाफ होते, पुरी टम्म फुगते आणि आपोआप वर येते. तिच्यात कुणी हलकं पीठ घातलेलं नसतं. तीच कणीक आता जास्त जागा व्यापू लागलेली असते. म्हणजे प्रश्न नुसत्या वजनाचा नाही. किती वजन किती जागेत बसलंय, हा आहे. वजनाला त्या जागेनं भागलं की जे येतं, त्याला शास्त्राच्या पुस्तकात घनता म्हणतात. आम्हा कवींचा 'घन' म्हणजे ढग. ढगाचा घन आणि घनतेचा घन शब्दानं एकच. दोन्हींत दाट होण्याचा अर्थ आहे.

मापायला पाणी सोयीचं. एक लिटर पाणी म्हणजे जवळपास एक किलो. तेवढ्याच जागेत गोडेतेल भरलं तर ते ९२० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणून तेलाचा तवंग वर येतो. बर्फ ९१७ ग्रॅम, म्हणून सरबतातला खडा वर डोकं काढतो. पण फक्त डोकंच, कारण फरक थोडा आहे. लोखंड सुमारे ७.९ किलो, पारा १३.६ किलो, सोनं १९.३ किलो. हे आकडे नुसते पाठ करण्याचे नाहीत. त्यांतून एक गंमत कळते. पाण्यात बुडणारा लोखंडी खिळा पाऱ्यावर मात्र लाकडासारखा तरंगतो. खिळा तोच. म्हणजे बुडणं हा खिळ्याचा स्वभाव नव्हे. तो ज्यात पडला आहे, त्याच्याशी असलेल्या नात्याचा तो निकाल आहे.

हे नातं ज्यांनी विहिरीवर पाणी शेंदलंय, त्यांच्या हातांना ठाऊक असतं. भरलेली बादली पाण्यात असेपर्यंत दोर सैल, हलका वाटतो. बादलीचा काठ पाण्याबाहेर आला की खांद्याला ओढ बसते. पाणी तेच, बादली तीच. मग आतापर्यंत ते ओझं कोण पेलत होतं? विहिरीतलं पाणीच. पाण्यात काहीही घाला, ते पाण्याला बाजूला सारतं आणि आपली जागा करून घेतं. बाजूला सारलेल्या त्या पाण्याचं जेवढं वजन, तेवढ्याच जोरानं पाणी त्या वस्तूला वर उचलतं. वस्तूचं वजन त्या जोरापेक्षा जास्त असेल तर ती बुडते. नसेल, तर दोन्ही पारडी सारखी होईपर्यंतच ती पाण्यात उतरते आणि तिथं थांबते.

हे प्रथम नीट मांडलं आर्किमिडीजनं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सिसिली बेटावरच्या सिरॅक्यूज शहरात. राजाच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळली का, याची ती गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. ती गोष्ट लिहून ठेवणारा रोमन लेखक विट्रुव्हियस आर्किमिडीजनंतर सुमारे दोनशे वर्षांनी झाला. तेव्हा तिच्यात तिखटमीठ किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण तरंगत्या वस्तूंवरचा आर्किमिडीजचा ग्रंथ खरा आहे, आणि त्याचं नशीब एखाद्या कादंबरीला शोभेल असं. मूळ ग्रीक भाषेतला पाठ असलेली त्याची एकच प्रत आज माहीत आहे. तेराव्या शतकात कुणीतरी तिची चामडी पानं खरवडून त्यांवर प्रार्थना लिहिल्या. खालची पुसट अक्षरं १९०६ साली हायबर्ग नावाच्या डॅनिश पंडितानं कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओळखली. तरंगण्यावरचं पुस्तक असं सातशे वर्षं तळाशी राहून वर आलं.

मधल्या काळात हा विचार थांबला नव्हता. भारतात येऊन इथल्या विद्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या अल बिरुनीनं धातू आणि रत्नं पाण्यात तोलून त्यांची तुलनात्मक वजनं काढली होती. ती आजच्या आकड्यांच्या फार जवळ जातात. त्यानंतर अल खाझिनी आला. मध्य आशियातल्या मर्व शहरात एका खजिनदाराच्या पदरी गुलाम म्हणून तो वाढला, शिकला, आणि ११२१ साली त्यानं एक ग्रंथ लिहिला : 'मीझान अल हिकमा'. मीझान म्हणजे तराजू. हिकमा म्हणजे शहाणपण. हाच शब्द आपल्याकडे 'हिकमत' होऊन आला आणि 'अमुक माणूस मोठा हिकमती' अशा वाक्यात रुळला. खाझिनीच्या तराजूची हिकमत साधी होती. दागिना एकदा हवेत तोलायचा, एकदा पाण्यात. पाण्यात त्याचं वजन किती घटलं, यावरून सोनं निखळ की भेसळीचं ते कळे. किलोभर निखळ सोनं पाण्यात सुमारे ५२ ग्रॅम घटतं. त्यात ३०० ग्रॅम चांदी मिसळलेली असेल तर ६५ ग्रॅम. तेरा ग्रॅमच्या फरकानं चोरी उघडी पडते.

आता दागिन्याकडून जहाजाकडे वळू. लोखंड बुडतं, तर लोखंडी जहाज कसं तरतं? पुरीसारखंच. पत्रा पसरून त्याची पोकळ वाटी केली की तेच लोखंड कितीतरी जास्त पाणी बाजूला सारतं. हजार टनांचं जहाज हजार टन पाणी बाजूला सारेपर्यंत उतरतं आणि थांबतं. माल भरला की आणखी उतरतं. कुठपर्यंत उतरू द्यायचं, हा प्रश्न मात्र शास्त्राइतकाच नियतीचा, नियत साफ असण्याचा आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये काही जहाजमालक जुनाट जहाजं वाटेल तशी भरत. जहाज पोहोचलं तर भाडं, बुडालं तर विमा. मालकाचं दोन्हीकडून भलं. जीव जाई तो खलाशाचा. अशा जहाजांना लोक शवपेट्या म्हणू लागले. डर्बीचे खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांनी १८७३ साली खलाशांच्या हालांवर पुस्तक लिहिलं. १८७५च्या जुलैत सरकारनं हे विधेयक मागं टाकलं, तेव्हा भर सभागृहात ते संतापानं बेभान झाले. अखेर १८७६ साली कायदा झाला : प्रत्येक जहाजाच्या अंगावर भाराची रेषा काढायची. पण ती कुठे काढायची, हे मालकावरच सोडलं होतं! ती पळवाट बंद व्हायला १८९० साल उजाडलं. आज कुठल्याही बंदरात मोठ्या जहाजाच्या कुशीवर एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ दिसते, ती हीच. जगाच्या व्यापारी जहाजांवर ती त्या माणसाच्या नावानं ओळखली जाते.

त्या वर्तुळाशेजारी शिडीसारख्या आणखी रेघा असतात. गोड्या पाण्याची रेघ वेगळी, खाऱ्याची वेगळी. समुद्राचं पाणी लिटरमागं साधारण २५ ग्रॅमनं जास्त वजनाचं, म्हणून ते जास्त उचलून धरतं. समुद्रात आठ मीटर उतरलेलं जहाज नदीच्या गोड्या पाण्यात आलं की माल तेवढाच असून वीतभर आणखी खाली बसतं. उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्याची रेघ सर्वांत खालची, कारण तिथल्या तुफानात जहाजाची जास्त बाजू पाण्याबाहेर हवी. खाऱ्या पाण्याचा हा गुण आपला भातशेतकरीही वापरतो. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकलं की पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाशी बसतात. वरचे काढून टाकायचे, खालचे धुऊन, सुकवून पेरायचे. इथं बुडेल तेच कामाचं!

भार किती, याइतकंच तो कुठे आहे हेही महत्त्वाचं. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रायगडच्या किनाऱ्यावर अशी गावं आहेत, जिथं त्या दिवसाचं नाव आजही खालच्या आवाजात घेतात. लाटेच्या तडाख्यानं बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला झाली आणि बोट सावरू शकली नाही, असं सांगितलं जातं. म्हणजे पाण्यानं उचलून धरण्याचं काम सोडलं नव्हतं. तोल गेला होता. होडीतली माणसं तळाशी बसलेली असतात तोवर भार खाली असतो. ती कलली तरी परत सरळ होते. माणसं उभी राहिली, टपावर चढली, एका कडेला झुकली, की तीच होडी, तेवढ्याच भारानिशी, उलटू शकते. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या तलावात पर्यटकांची बोट उलटली, ४५ जण गेले. ७ मे २०२३ रोजी केरळातच तानूरला दुमजली बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती. २२ जण गेले. पाण्याचा नियम सिरॅक्यूजपासून तानूरपर्यंत एकच आहे. 'अजून दोघं बसतील' म्हणणारा माणूसही सगळीकडे एकच आहे.

आणि आता आपलं शरीर. सगळ्यांत महत्त्वाचं तेच, म्हणून शेवटी ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. माणसाचं शरीर मात्र लोखंडाचं नाही. बहुतेकांची घनता पाण्याच्या अगदी अलीकडे-पलीकडे असते. छाती भरून श्वास घेतला तर आपण पाण्यापेक्षा किंचित हलके, श्वास सोडला तर किंचित जड. तरणं आणि बुडणं यांत अंतर आहे ते एका श्वासाचं. मी हे काव्य म्हणून सांगत नाही, मोजून सांगतो. छाती भरलेली असताना आपल्या शरीराचा दोन-तीन टक्के भागच पाण्याबाहेर राहू शकतो. नुसतं डोकं मात्र वजनाच्या आठ टक्के असतं. म्हणून पाण्यात उभं राहून डोकं बाहेर ठेवायचा प्रयत्न केला तर जेमतेम टाळू वर राहते आणि नाक-तोंड खाली जातं. पाठीवर रेललं, मान मागं टाकली, कान पाण्यात जाऊ दिले, तर तेच दोन-तीन टक्के नाक-तोंडाच्या वाट्याला येतात.

घाबरलेला माणूस याच्या नेमकं उलट करतो. तो उभा होतो, हात वर करतो, ओरडतो. साठ किलोच्या माणसाचा एक हात साधारण तीन किलोचा. तो पाण्यात होता तोवर पाणी त्याचं ओझं पेलत होतं. दोन्ही हात वर काढले की सहा किलोंचं ओझं आपण आपल्याच डोक्यावर ठेवलं. ओरडण्यात छातीतली हवा गेली, ते निराळंच. 'बुडत्याचा पाय खोलात' ही म्हण कुणी केली ठाऊक नाही. पण त्यानं बुडणारा माणूस जवळून पाहिला असावा.

दुसरी म्हण : 'बुडत्याला काडीचा आधार'. ती निराशेची म्हण म्हणून आपण वापरतो. पण खरंच विचारू या, बुडत्याला आधार लागतो तरी किती? शरीराचं बहुतेक ओझं पाणीच पेलत असल्यामुळे मोठ्या माणसाला तोंड पाण्याबाहेर ठेवायला साडेतीन ते साडेपाच किलोंचा उचल पुरतो. काडी पुरणार नाही. पण झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन पाण्याखाली दाबला तर जवळजवळ पाच किलोंनी वर ढकलतो. साठ-सत्तर किलोंचा जीव वाचवायला पाच लिटर कोंडलेली हवा! पूर्वी पोरं वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पोटाला बांधून विहिरीत पोहायला शिकत, ती याच हिशेबावर. 'सांगड घालणं' हा आपला वाक्प्रचार तिथलाच. दोन गोष्टी अशा बांधायच्या, की त्या मिळून तिसऱ्याला तारतील.

म्हणून श्रोतेहो, काही साध्या गोष्टी सांगतो. पोहता येत नसताना पाण्यात पडलात, तर ओरडण्याआधी श्वास भरा, मागं रेला, हात पाण्यातच पसरा. कुणी बुडताना दिसलं आणि बुडत्याला वाचवण्याचं शिक्षण तुम्ही घेतलेलं नसेल, तर उडी मारू नका. घाबरलेला माणूस मिठी मारतो, आणि मग दोघांनाही पाणी पेलवत नाही. काठावरून काठी द्या, दोर, धोतर, साडी फेका, नाहीतर तो रिकामा कॅन फेका. लांब जावा म्हणून त्यात पेलाभर पाणी असू द्या, आणि जमलं तर त्याला दोर बांधा. शेततळ्याच्या, विहिरीच्या, विसर्जनाच्या घाटावर दोर बांधलेले असे दोन-चार कॅन टांगून ठेवायला ग्रामपंचायतीला ठराव लागत नाही. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असेल तर काठावरून आत एक गाठी मारलेला दोर कायम सोडून ठेवा. त्या गुळगुळीत उतारावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. आणि होडीत बसण्याआधी जीवरक्षक जाकीट मागा, अंगात घाला, बंद आवळा. किती माणसांची परवानगी आहे ते वाचा, किती बसली आहेत ते मोजा. जास्त असतील तर उतरा. तासभर उशीर होईल. लोक हसतील, 'भित्रा' म्हणतील. म्हणू द्या.

पाणी कुणाचं वैरी नाही आणि कुणाचं सोयरंही नाही. ते राजाचा मुकुट आणि गवंड्याचं पोर एकाच हिशेबानं तोलतं. हा हिशेब आकाशाएवढा मोठा नाही, पाचवीतल्या मुलाला समजेल एवढाच आहे. त्याला तो शिकवताना पुस्तकातली व्याख्या पाठ करून घ्या, हरकत नाही. पण त्याबरोबर एक संत्रं, एक बादली आणि एक रिकामा कॅनही त्याच्या हातात द्या.